चाकांतले पाणी

जयप्रकाश पाटणकरांनी सेवानिवृत्तीनंतर एक जुना ट्रॅक्टर घरी आणला, याला कारण त्यांच्या पत्नीने घातलेली एक अट होती. आणि ती अट संध्याबाईंनी जेवणाच्या टेबलावर, भाजी वाढता वाढता, अगदी सहजपणे घातली होती.

तो २०२० सालचा सप्टेंबर होता. त्यांची कन्या चारुता डच राजधानीला लागून असलेल्या डीमनला राहत असे. टाळेबंदी सुरू झाल्यापासून ती दर रविवारी पडद्यावर येऊन एकच विषय काढी. आईबाबांनी आता ते आडबाजूचे घर विकावे, डीमनला तिच्या इमारतीजवळ एखादी सदनिका घ्यावी. रुग्णालय जवळ, ट्राम जवळ, लेक जवळ. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. संध्याबाईंची मूत्रपिंडे निकामी होऊन दीड वर्ष झाले होते. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या दिवशी रुग्णांना नेणारी टॅक्सी दाराशी येई, त्यांना अर्ध्या तासाच्या अंतरावरील रुग्णालयात नेई, आणि डायलिसिस आटोपले की परत आणून सोडी. डायलिसिस हा शब्द घरात कोणी वापरत नसे. ‘आज खुर्ची आहे’ एवढेच म्हटले जाई.

घर होते आख्टरहुकमध्ये, म्हणजे जर्मनीच्या सीमेलगतच्या, शेतांच्या आणि ओक वृक्षांच्या प्रदेशात. मुख्य रस्त्यावरून विटांची एक अरुंद गल्ली आत वळत होती. तिच्यावर तीनच घरे, आणि सर्वांत आतले घर पाटणकरांचे. गल्ली खाजगी असल्यामुळे खेमेन्तेचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारे वाहन तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. संध्याबाईंचा जीव त्या घरात, विशेषतः मागच्या काचघरात गुंतला होता. तिथे त्या मेथी, गवार आणि अळू लावीत. त्यांपैकी पुष्कळ भाज्या पथ्यामुळे त्यांना स्वतःला खाता येत नसत. तरी त्या लावीत, आणि यजमानांना वाढून समाधान मानीत.

अशाच एका रविवारी चारुताचे बोलणे संपल्यावर संध्याबाई म्हणाल्या, “हे बघ, ज्या दिवशी रस्त्यापायी माझी खुर्ची चुकेल, त्या दिवशी मी स्वतः सामान बांधायला घेईन. तोवर हा विषय नको.”

चारुताने हे मान्य केले. जयप्रकाशरावांनी मात्र हातातला घास तसाच खाली ठेवला.

ते गृहस्थ मोठे शिस्तीचे. जन्म इस्लामपूरचा, वडील साखर कारखान्याच्या ट्रॅक्टर विभागात फोरमन. सांगलीला अभियांत्रिकी शिकून ते पुण्यास नोकरीला लागले आणि तेथून आइंडहोव्हनला आले, ते तिथलेच झाले. एका यंत्रनिर्मिती कंपनीत त्यांनी आयुष्यभर एकच काम केले: यंत्रांत खेळणाऱ्या थंड पाण्याचे तापमान स्थिर राखणे. अंशाच्या हजाराव्या भागाचाही फरक तिथे चालत नसे. या कामाने त्यांचा स्वभाव घडविला, की त्यांच्या स्वभावाने ते काम निवडले, हे सांगणे अवघड आहे. त्यांच्या छपरीत प्रत्येक पान्याची बाह्यरेषा भिंतीवर रंगवलेली असे. पाना जागेवर नसला तर भिंतच तशी चुगली करी.

अट ऐकल्यावर त्यांनी विचार केला तो असा. टॅक्सी बिघडली तर आपली गाडी आहे. वादळात झाड आडवे पडले तर करवत आहे. आणि बर्फ पडला तर? सतरा सालच्या डिसेंबरात मोठा बर्फ पडला होता आणि गल्ली दोन दिवस बंद होती. तेव्हा संध्याबाई धडधाकट होत्या. दोघांनी खिडकीत बसून मजा पाहिली होती. आता तसे झाले तर? त्या हिवाळ्यानंतर म्हणावा असा बर्फ पडलाच नव्हता हे खरे. परंतु जे क्वचित घडते त्याचीच तजवीज आधी करावी, हा त्यांचा नियम होता.

ऑक्टोबरात त्यांना एक ट्रॅक्टर मिळाला. एका बंद पडलेल्या कॅम्पिंगच्या तळाच्या मालकाने तो विकायला काढला होता. शेतातला मोठा नव्हे. हिरवळ कापण्यासाठी अमेरिकेत पन्नासएक वर्षांपूर्वी बनवलेला बगिच्याचा छोटा ट्रॅक्टर. एकच सिलिंडर, ओतीव लोखंडाचा सांगाडा, आणि बैठक अशी की बसणाऱ्याचे गुडघे छातीशी यावेत. मालकाने तो ओढगाडीवरून आणून गल्लीच्या तोंडाशी उतरवला आणि दुरूनच हात हलवून तो निघून गेला. त्या दिवसांत व्यवहार असेच होत.

पुढले सहा आठवडे जयप्रकाशरावांच्या आयुष्यातले सुखाचे होते, असे म्हणायला हरकत नाही. त्यांनी कार्बोरेटर उकलून त्यातला वार्निशासारखा झालेला जुन्या पेट्रोलचा थर धुऊन काढला. इग्निशनचे पॉइंट घासून त्यांतली फट फीलर गेजच्या पातळ मोजपट्टीने जुळवली. गवत कापायचे पाते उतरवून त्या जागी बर्फ लोटायचे रुंद पोलादी पाते बसवले. हे पाते विटेच्या कडेला अडकले तर मोडू नये, मागे कलून पुन्हा उभे राहावे, म्हणून त्याला दोन जाड स्प्रिंगा लावल्या. पात्याच्या दोन्ही टोकांना लहान लोखंडी पाय बसवून ते विटांपासून बोटभर वर राहील अशी व्यवस्था केली. कारण विटांचा रस्ता कधी सपाट नसतो, झाडांची मुळे त्याला खालून उचलीत असतात. बर्फात घसरू नये म्हणून जर्मनीहून टायरांसाठी साखळ्या मागवल्या.

दसऱ्याला ते काम अर्धेच झाले होते, तरीही संध्याबाईंनी उघड्या इंजिनाला हळदकुंकू लावले आणि दोन झेंडूची फुले वाहिली.

“डोक्यावर टोपडं घाला आता त्याच्या,” त्या म्हणाल्या. “एवढं कौतुक चारुताचंही झालं नव्हतं.”

शेवटचे काम राहिले होते ते वजनाचे. पुढे पाते आले की मागची चाके हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात. मागे वजन हवे. यावर जयप्रकाशरावांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. लहानपणी कारखान्याच्या आवारात त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते. गळीत हंगाम सुरू होण्याआधी वडील ट्रॅक्टरांच्या मागच्या टायरांत पाणी भरून घेत. मग उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढतानाही मागची चाके घसरत नसत. चाक वर उचलायचे, व्हॉल्व्ह माथ्यावर आणायचा, नळी लावायची, पाऊण चाक भरले की थांबायचे. वडिलांनी हे त्यांच्या हातून करवून घेतले होते. नोव्हेंबरातल्या एका उबदार दुपारी त्यांनी बागेची नळी लावून दोन्ही चाके तशीच भरली. संध्याबाई काचघराच्या दारातून पाहत होत्या. त्यांना दिवसाला मोजून पाणी मिळे. तहान लागली की बर्फाचा खडा वाटीत घेऊन त्या तो चोखीत बसत. नळीची धार पाहून त्या म्हणाल्या, “चांगलं आहे. त्याला पाण्याचं पथ्य नाही.”

हिवाळा ओला आणि सौम्य गेला. जानेवारी संपला तरी बर्फाचा पत्ता नव्हता. देशात रात्रीची संचारबंदी लागली. घरी दिवसाला एकाच पाहुण्याची मुभा राहिली. पाटणकरांकडे तर तो एकही येत नसे. संध्याबाईंना संसर्ग होऊ नये म्हणून जयप्रकाशरावांनी फाटकावर निर्दोष डच भाषेत एक पाटी लावली होती: ‘घरात रुग्ण आहे. कृपया आत येऊ नये. आपल्या काळजीबद्दल आभारी आहोत.’ पाटी पाण्याने खराब होऊ नये म्हणून ती प्लास्टिकमध्ये मढवलेली होती.

त्या पाटीची तशी गरजही नव्हती. गल्लीच्या तोंडाच्या घरात वेसेल नावाचा म्हातारा गवळी आणि त्याची पत्नी दिनी राहत. गाई त्याने केव्हाच विकल्या होत्या. चार वासरे मात्र हौसेने ठेवली होती. त्या मुलखात शेजाऱ्याला ‘नाबर’ म्हणतात, आणि नाबर हे निव्वळ नाते नसून कर्तव्य असते: आजारात, बाळंतपणात, मर्तिकात शेजाऱ्याने हजर झालेच पाहिजे. संध्याबाईंचे दुखणे सुरू झाले तेव्हा वेसेल लाकडी बूट वाजवत दाराशी आला होता. काय करायचे ते सांगा, एवढेच तो म्हणाला. जयप्रकाशरावांनी त्याला बसवले, कॉफी पाजली, वारंवार आभार मानले आणि गरज पडली तर जरूर सांगू असे आश्वासन दिले. आपल्याकडे याचा अर्थ सर्वांना कळतो. दुसऱ्याला तसदी द्यायची नाही, हे त्यांच्या घरचे वळण होते. त्यांनी कधी काही सांगितले नाही, आणि वेसेलही पुन्हा आला नाही. रस्त्यात भेट झाली की दोघे हात उंचावीत. वेसेल त्यांना ‘याप’ म्हणे. पूर्ण नाव त्याच्या जिभेला झेपत नसे.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी संध्याबाई खुर्चीवरून परतल्या, आणि त्याच रात्री पूर्वेकडचा वारा सुटला. रविवारी उजाडले तेव्हा बर्फ पडत नव्हता, आडवा धावत होता. दिवसभर तो थांबला नाही. गल्लीच्या कुंपणांलगत त्याचे ढीग साचले आणि विटा दिसेनाशा झाल्या. जयप्रकाशराव खिडकीपाशी अगदी शांत उभे होते. मंगळवारला अवकाश आहे. बर्फ थांबू दे, सोमवारी सकाळी एकदाच नीट काढू, असे त्यांनी पत्नीला सांगितले. त्यांच्या स्वरात, खरे सांगायचे तर, किंचित उत्सुकता होती.

सोमवारी न्याहारी आटोपून, कानटोपी आणि हातमोजे घालून ते छपरीत गेले. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झाले. त्यांनी पाते उचलले, गिअर टाकला, क्लच सोडला. ट्रॅक्टरने एक गचका दिला आणि तो थांबला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मागची चाके जराशी वळली, यंत्र एका बाजूला लंगडले आणि इंजिन बंद पडले.

जयप्रकाशराव खाली उतरले. ब्रेक जाम झाला असेल, असे त्यांना वाटले. ब्रेक उकलला, तो निर्दोष होता. मग त्यांनी पट्टा तपासला, क्लच तपासला, गिअरपेटीतले तेल थंडीने घट्ट झाले असेल म्हणून पेटीला गरम पाण्याची रबरी पिशवी बांधली. एकेक शक्यता ते क्रमाने काढून टाकीत होते, आणि प्रत्येक निष्कर्ष बरोबर होता. दुपार झाली. त्याच सुमारास टॅक्सी कंपनीचा फोन आला. मुख्य रस्ते मोकळे आहेत, उद्या गाडी येईल. पण न काढलेल्या बर्फात ती शिरणार नाही. रुग्णाने गल्लीच्या तोंडाशी थांबावे.

संध्याबाई घरातसुद्धा चाकांच्या वॉकरने चालत. तो वॉकर त्या बर्फात एक पाऊलभरही सरकला नसता.

जयप्रकाशरावांनी फोन ठेवला. ते स्वयंपाकघरात आले. शनिवार ते मंगळवार हा आठवड्यातला सर्वांत लांब खंड. सोमवारच्या दुपारपर्यंत संध्याबाईंचे घोटे सुजत आणि त्यांना तहान आवरत नसे. त्या टेबलाशी बसून वाटीतला बर्फाचा खडा चमच्याने हलवीत होत्या. खडा वाटीच्या कडेवर वाजला.

जयप्रकाशराव त्या वाटीकडे पाहत उभे राहिले. मग छपरीत परत गेले, हातोडीची लाकडी मूठ उलटी धरून त्यांनी मागच्या टायरवर ठोकले. दगडावर ठोकल्यासारखा आवाज आला. दुसऱ्यावर ठोकले, तोच आवाज. यंत्राच्या भाराने जमिनीशी सपाट झालेला टायरचा तळ तसाच्या तसा गोठला होता. चाके गोल राहिलीच नव्हती.

ते परत आले आणि खुर्चीवर बसले. हातमोजे त्यांनी टेबलावर एकावर एक नीट ठेवले.

“संध्या, मी चाकांत पाणी भरलं.”

“भरलं की. मी बघत होते ना.”

“ते गोठलंय.”

संध्याबाईंनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. त्यांनी ते दाबून पाहिले; पण साधले नाही.

“जन्मभर पाण्याचं तापमानच सांभाळत होतात ना हो तुम्ही?”

“इस्लामपूरला पाणी गोठत नाही,” जयप्रकाशराव म्हणाले. आणि हे आपल्या तोंडून बाहेर पडलेले ऐकल्यावर मात्र तेही थोडे हसले.

हसू ओसरले. मग संध्याबाईंनी नवऱ्याला विचारले की, आता काय करायचे? जयप्रकाशरावांनी मनात सर्व मांडणी केली होती. चाके काढून ऊब असलेल्या जागी नेली पाहिजेत; गरम पाण्यात ठेवून आतला बर्फ वितळवला पाहिजे; पाणी काढून टाकले पाहिजे; आणि वजनासाठी दुसरे काहीतरी शोधले पाहिजे. परंतु बर्फाने भरलेले एकेक चाक एकट्याने उचलण्याजोगे नव्हते. चारुताला फोन केला असता तर तिने तत्काळ आपत्कालीन सेवेला बोलावले असते, आणि मग अटीचा निकाल तिथेच लागला असता.

“वेसेलकडे जा,” संध्याबाई म्हणाल्या.

“या असल्या हवेत त्या म्हाताऱ्याला—”

“तुम्ही कोण, तरुण आहात?”

एवढे बोलून त्या वळल्या आणि वाटीतला वितळलेला घोट त्यांनी पिऊन टाकला.

गुडघाभर बर्फातून गल्लीचे तोंड गाठायला जयप्रकाशरावांना बराच वेळ लागला. वाटेत ते वाक्ये जुळवीत होते: तसदीबद्दल क्षमस्व, अपवादात्मक परिस्थिती, आपल्या सोयीने. वेसेलच्या अंगणात पोहोचतात न पोहोचतात तोच दार उघडले. म्हातारा जाड कोट घालून, लाकडी बुटांसकट उंबऱ्यात उभा होता. दिनी त्याच्या खांद्यावरून डोकावत होती.

जुळवलेली वाक्ये जयप्रकाशरावांनी म्हटली नाहीत. दीड मीटरवर थांबून त्यांनी सांगितले, “वेसेल, मला तुमची मदत हवी आहे. उद्या संध्याला रुग्णालयात जायचं आहे आणि माझा ट्रॅक्टर चालत नाही.”

“ठाऊक आहे,” वेसेल म्हणाला. “सकाळपासून खिडकीतून बघतोय. तो तुला लाथा घालत होता. हाक मारशील म्हणून मी बूटसुद्धा काढले नाहीत.”

“मग आला का नाहीत?”

“तुझ्या फाटकावर येऊ नका म्हणून लिहिलंय. मला वाचता येतं.”

दिनीने नवऱ्याला कोपराने ढोसले आणि आता पाटीवर भांडत बसणार की निघणार, असे विचारले. चाकांत काय झाले ते ऐकल्यावर वेसेलने गंभीरपणे मान डोलावली. मग त्याने विचारले, “बर्फ ढकलायला निघालास, आणि बर्फ बरोबर घेऊनच निघालास?” आणि तो आपल्याच विनोदावर इतका खूश झाला की दिनीला त्याचा कोट धरून हलवावे लागले.

त्यानंतरचे काम मात्र एखाद्या जुन्या सरावाचे असावे तसे झाले. वेसेलने नातवंडांची लाकडी घसरगाडी काढली आणि तिला लांब दोर बांधला. छपरीत जॅक लावून जयप्रकाशरावांनी चाके उतरवली. तोंडावर मुसके बांधून दोघांनी एकेक चाक घसरगाडीवर ढकलले आणि पुन्हा लांब झाले. वेसेल पुढून दोर ओढी, जयप्रकाशराव मागून झाडूच्या दांड्याने रेटीत. मधल्या घरातले दाम्पत्य बाहेर आले आणि काही न विचारता फावड्यांनी वाट करू लागले. अशी ती मिरवणूक, माणसामाणसांत अंतर राखून, वेसेलच्या गोठ्यात पोहोचली.

गोठ्यात वासरांची ऊब होती आणि त्यांच्या भुकटीच्या दुधासाठी पाणी तापवायचा बंब होता. चाके मोठ्या घमेल्यांत ठेवून वेसेलने पाणी ओतले. फार गरम पाण्याने ट्यूब खराब होईल, म्हणून जयप्रकाशरावांनी खिशातून तापमापक काढला. वेसेलने पाण्यात कोपर बुडवले.

“वासराला चालतं तेवढं आहे.”

“म्हणजे किती अंश?”

“वासराइतके, याप.”

तापमापकात पाहून जयप्रकाशरावांनी तो पुन्हा खिशात ठेवला. पाणी जसे हवे तसेच होते.

बर्फ वितळायला संध्याकाळ झाली. पाणी निवले की नवे ओतायचे, चाक फिरवायचे, वाट पाहायची. वासरे कुतूहलाने घमेल्यांत तोंड घालू पाहत आणि जयप्रकाशराव त्यांना आदरपूर्वक दूर सारीत. त्या फावल्या वेळात वेसेलने त्यांना सांगितले की, दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून निघालो तेव्हा आम्ही दोघे फार वाईट वाटून घेऊन घरी आलो होतो. इथे शेजाऱ्याला काम न सांगणे म्हणजे तुझी मला गरज नाही असे सांगणे. जयप्रकाशरावांनीही सांगितले की, आमच्याकडे काम न सांगणे म्हणजे तुमचा आम्हाला आदर आहे, असे असते. वेसेलने यावर विचार केला.

“तर मग माझा फारच आदर केलास तू,” तो म्हणाला. “जरा कमी कर.”

शेवटी व्हॉल्व्ह खाली करून त्यांनी आतली सुई काढली. दोन्ही चाकांतले पाणी गोठ्याच्या नालीत वाहून गेले. जयप्रकाशराव ते पाहत राहिले. वडिलांची आठवण त्यांना अर्थातच आली. पण त्यात खेद नव्हता. वडिलांनी सांगितलेले बरोबरच होते, फक्त ते तिथले होते. संचारबंदीची वेळ व्हायच्या आत ते घरी परतले, आणि फाटकातून आत जाताना त्यांनी ती पाटी उतरवून घेतली.

मंगळवारी उजाडताच कामाला सुरुवात झाली. थंडी हाडात शिरत होती. हवा भरलेली चाके बसवली, साखळ्या चढवल्या. वजनाचा प्रश्न दिनीने सोडवला. डच घरांच्या अंगणात फरसबंदीच्या चौकोनी सिमेंट लाद्या असतात. तिच्या गोठ्यामागे तशा जुन्या लाद्यांची चळत होती. त्या फळांच्या पेटीत रचून पेटी ट्रॅक्टरच्या मागे पट्ट्याने आवळली. जयप्रकाशरावांना ती रचना पसंत नव्हती. गुरुत्वमध्य अंमळ डावीकडे जात होता. पण त्यांनी पट्टा एकदाच ओढून पाहिला आणि ते बैठकीवर बसले.

ट्रॅक्टर चालू लागला. पात्यापुढे बर्फ वळून उजवीकडे पडू लागला, अगदी नांगरटीसारखा. विटा उघड्या पडत होत्या; मुळांनी उचललेल्या जागी पात्याचे लोखंडी पाय वर चढत आणि उतरत, वीट एकही निघाली नाही. मधल्या घराच्या कुंपणापाशी वाऱ्याने रचलेला ढीग कठीण झाला होता. तिथे पाते अडकले, स्प्रिंगा ताणल्या, पाते मागे कलले. दोन वेळा त्यांनी मागे घेऊन पुन्हा धडक दिली. ढीग हलला नाही. तेव्हा शेजारी फावडी घेऊन भिडले. ते ढीग फोडीत, जयप्रकाशराव फोडलेले लोटीत. टॅक्सी यायची वेळ टळून गेली होती. मुख्य रस्त्यावर ती उभी होती. चालक घड्याळ पाहत होता. वेसेल त्याच्याशी बोलायला गेला. काय बोलला ते कळले नाही, पण चालकाने इंजिन बंद केले आणि डब्यातून सँडविच काढले.

काही वेळाने गल्ली एका गाडीपुरती मोकळी झाली. टॅक्सी हळूहळू आत आली आणि दाराशी थांबली. संध्याबाई शाल पांघरून, पिशवी मांडीवर घेऊन तयार बसल्या होत्या. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी गल्लीकडे एकदा नीट पाहिले: दोन्ही बाजूंना बर्फाचे बांध, त्यांच्याशी टेकून उभी असलेली लालबुंद तोंडांची माणसे. त्यांनी सर्वांना हात जोडले. दिनीनेही, अंमळ चुकत, तसेच केले.

टॅक्सी गेली. जयप्रकाशराव ट्रॅक्टरवरून उतरले. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, आणि शेतातला भुसभुशीत बर्फ धुरासारखा उडून मोकळ्या विटांवर पसरू लागला. संध्याबाई दुपारनंतर परत यायच्या होत्या. परतीचा विचार जयप्रकाशरावांच्या एवढ्या काटेकोर तयारीत कुठेही नव्हता.

वेसेलनेही तो वारा पाहिला. “तू जाऊन थोडा झोप,” तो म्हणाला. “हे तोवर मी बघतो. क्लच डावीकडे?”

त्या ट्रॅक्टरला आजवर दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. जयप्रकाशरावांनी त्याला क्लच दाखवला, पाते उचलायचा दांडा दाखवला, बैठक त्याच्या उंचीला जुळवून दिली. झोपायला मात्र ते गेले नाहीत. ते झाडू घेऊन पुढे चालू लागले आणि वेसेल मागून पाते टाकीत येऊ लागला.

दुपारी चारुताचा फोन आला. आईने खुर्चीवरूनच तिला सर्व सांगितले होते, चाकांतल्या पाण्यासकट. ती प्रथम मनसोक्त हसली. मग म्हणाली की, ठीक आहे, खुर्ची चुकली नाही, बाबा जिंकले. जयप्रकाशरावांना खोटे यश घेणे जमत नसे. त्यांनी सांगितले की, आपण एकटे असतो तर ती चुकलीच असती. तेव्हा घराचा निर्णय आईनेच घ्यावा. आई जे म्हणेल त्याला आपण आडवे येणार नाही.

ऊन उतरणीला लागले असताना टॅक्सी परत आली. गल्ली मोकळी होती. संध्याबाई उतरल्या, खुर्चीनंतर नेहमी येणारा थकवा चेहऱ्यावर होता, पण घोटे उतरले होते. जयप्रकाशरावांनी त्यांना हात दिला आणि दारापर्यंत नेता नेता ते पुन्हा तेच बोलू लागले: अट काटेकोरपणे पाहिली तर आपण ती पाळली असे म्हणता येणार नाही, ट्रॅक्टर निकामी होता, शेजारी नसते तर—

“अहो,” संध्याबाईंनी त्यांना थांबवले, “अट खुर्चीची होती. ट्रॅक्टर कोणी चालवायचा, हे मी कुठे म्हटलं होतं?”

मग त्या उंबऱ्यात जरा टेकल्या. गल्लीच्या मध्यावर वेसेल ट्रॅक्टर उलटा वळवीत होता. त्याला ते अजून नीट जमत नव्हते, आणि मधल्या घराचा शेजारी त्याला दुरून हातवारे करून दिशा दाखवीत होता.

“चारुताला मी सांगितलं, डीमनला जागा बघू नकोस म्हणून,” संध्याबाई म्हणाल्या. “आणि तुम्ही आत येऊ नका इतक्यात. तो कुंपण मोडेल. जा.”

जयप्रकाशराव गेले.